पदवीआधी पन्नास मीटर

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, त्रेपन्नाव्या वर्षी पदवीधर व्हायला निघाली आणि पोहण्यात अडकली. हे ऐकून लोक हसतात. मीही हसले होते, तर तिने आठवडाभर माझा फोन उचलला नव्हता.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आमच्या शहरात शाखा काढली, त्याला सतरा वर्षं झाली. पहिले वर्ग भरले ते फर्निचरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांवर. तेवीस विद्यार्थी, तीन अमेरिकन प्राध्यापक आणि ताई. फोन घेणं, झेरॉक्स काढणं, वर्गांची कुलपं उघडणं, प्राध्यापकांना भाड्याचं घर शोधून देणं, सगळं तिच्याकडे. तास सुरू व्हायची वाट बघत मुलं खालच्या दुकानातल्या कोऱ्या करकरीत सोफ्यांवर पसरायची आणि दुकानदार तणतणत वर यायचा. त्याची समजूत काढणं हेही ताईचंच खातं. हा कारभार काही वर्षभराच्या वर चालत नाही, अमेरिकन मंडळी गाशा गुंडाळतील, दुसरी नोकरी बघून ठेव, असं मी तिला बजावलं होतं.

माझं भाकीत सपशेल आपटलं. चौथ्या वर्षी त्यांनी एका बंद पडलेल्या बँकेची इमारत घेतली. तिथल्या तिजोरीच्या खोलीत परीक्षेचे पेपर असायचे आणि तिचं दार ढकलायला दोन माणसं लागायची. आठव्या वर्षी शहराबाहेर स्वतःची जागा आली. एक इमारत झाली, दुसरी झाली, मग प्रयोगशाळा, मग मुलामुलींची वसतिगृहं. दर वेळी ताई मला नवी इमारत दाखवायला न्यायची आणि विटा आपणच वाहिल्यात अशा थाटात पुढे चालायची. आज तिथे तीन हजार मुलं शिकतात आणि ताई रजिस्ट्रार ऑफिसच्या खिडकीवर बसते. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं पान ती तपासते, कोणते विषय झाले, कोणते राहिले. सगळं जुळलं की शिक्का मारते. पाठीमागे मुलं तिला शिक्काबाई म्हणतात. एक विषय कमी असला, तर आपला काका कोण आहे हे सांगून तिथे काडीचा उपयोग होत नाही.

पाच वर्षं नोकरी झालेल्याला दर सत्रात एक विषय फुकट शिकता येतो, अशी तिथे सोय आहे. ताईने सहाव्या वर्षी लगेच नाव घातलं. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, मी शाळेत. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, ती थांबली. मी शिकले, शिक्षिका झाले, आज शाळेत गणित शिकवते. याबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच नाही.

वर्षाला तीन विषय, अशी अकरा वर्षं. निबंध लिहून झाला की ती मला वाचायला द्यायची आणि मी सवयीने लाल पेन काढायचे. परीक्षेच्या दिवसांत भाऊजी स्वयंपाक करायचे, आणि तो खाऊनही ताई पास व्हायची. शेवटचा विषय यंदा संपला.

आता पोहण्याचं. त्या मूळ विद्यापीठात फार जुना नियम आहे, पन्नास मीटर पोहून दाखवल्याशिवाय पदवी नाही. कुणा देणगीदाराने कधीकाळी घातलेली अट, म्हणे. आमच्या इथे तलावच नव्हता, त्यामुळे त्या ओळीसमोर ताई वर्षानुवर्षं ‘लागू नाही’ असा शिक्का मारत आली. गेल्या वर्षी पंचवीस मीटरचा झकास तलाव बांधून झाला आणि अमेरिकेहून पत्र आलं की आता नियम इथेही लागू. ताई पदर खोचून कामाला लागली. नोटीस तिनेच लिहिली, पोहायचं बाकी असलेल्या दोनशे बारा मुलांची यादी तिनेच काढली. एक मुलगा पाण्याची भीती वाटते असं डॉक्टरांचं पत्र घेऊन आला. भीती सगळ्यांनाच वाटते, शिकवणीत नाव घाल, असं सांगून तिने त्याला परत पाठवलं.

आपलं पान आपण तपासायचं नाही, असा त्या खिडकीचा दंडक आहे. ताईचं पान दुसऱ्या इमारतीतला कारकून तपासतो. पडताळणीसाठी त्याच्याकडे पाठवलेली यादी परत आली, ती दोनशे तेरा नावांची. शेवटचं नाव वाचून, या माणसाला साधी नक्कलही धड करता येत नाही असं पुटपुटत ताईने ते पेन्सिलीने खोडलं. मग तिच्या हातातली पेन्सिल थांबली. सगळ्या विद्यापीठाचे नियम तोंडपाठ असलेल्या या बाईला, आपणही तिथले विद्यार्थी आहोत हेच आठवलं नव्हतं. घोट्याच्या वर पाण्यात ती जन्मात कधी गेली नव्हती. चाचणी सात आठवड्यांवर आली होती, आणि ती हुकली तर पदवी थेट पुढच्या वर्षी.

हसून झाल्यावर मी कामाला लागले. आमच्या डॉक्टरांना गाठलं. ताईचा गुडघा दुखतो हे काही खोटं नाही, तेवढ्यावर त्यांनी छानसं प्रमाणपत्र लिहून दिलं. मी ते मोठ्या ऐटीत ताईसमोर ठेवलं. तिने वाचलं, घडी घातली आणि माझ्याच पर्समध्ये ठेवून दिलं.

“त्या मुलाला मी परत पाठवलंय, छोटे,” ती म्हणाली. “रोज खिडकीवरून जातो तो.”

पोहायला शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची, तिथलीच जुनी विद्यार्थिनी. एका राहिलेल्या विषयासाठी ताईने तिला पूर्ण सत्र जास्त बसवलं होतं. आता तिची पाळी होती. तिने ताईला काठ धरून पाय मारायला लावलं, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावलं. ताईचं तोंड काही पाण्यात जाईना. घरी भाऊजी बादली भरून ठेवायचे आणि घड्याळ घेऊन शेजारी बसायचे, चार सेकंदांच्या वर मजल गेली नाही. तीन आठवड्यांनी त्या मुलीने हात टेकले आणि ताईला पाठीवर निजवलं. आणि बाई तरंगली की! तोंड वर, कान पाण्यात, नजर छताकडे. फक्त दिशा कळायची नाही, हँडल वाकलेल्या सायकलसारखी ती भलतीकडेच जायची. मग असं ठरलं की कुणीतरी काठाने सोबत चालायचं आणि ताईने त्या माणसाला डोळ्यांच्या कोपऱ्यात धरून ठेवायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं.

चाचणीच्या दिवशी मी शाळेतून थेट तिथे गेले. कसंही पोहा, कितीही वेळ घ्या, फक्त तळाला पाय लावायचा नाही आणि पट्टे आखणाऱ्या दोराला हात लावायचा नाही, एवढाच नियम होता. मुलं सपासप जाऊन आली. मग ताई उतरली. जाताना ठीक गेली. परतताना नाकात पाणी गेलं, ठसका लागला आणि तिने क्षणभर दोर धरला. लगेच सोडला आणि भिंतीपर्यंत आली. काठावरच्या मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिकवणारी मुलगी शेजारच्या पट्ट्याकडे बघत होती, तिने आनंदाने कागदावर पेन टेकवलं.

“थांब,” ताई धापा टाकत म्हणाली. “दोर धरला मी.”

मुलगी म्हणाली, मला नाही दिसलं. ताई म्हणाली, मला दिसलं ना. मला असा संताप आला की तिला परत पाण्यात ढकलून द्यावं. कुणी बघितलं नाही, अकरा वर्षं घासलीस, आता गप्प बस, असं मी तिच्या कानाशी बोलत राहिले. मुलगी बिचारी रडवेली झाली. चाचणी सहा वाजेपर्यंत आहे, एवढंच ती म्हणाली. ताई अर्धा तास बाकावर बसून राहिली, चहा प्यायली, गुडघा चोळला आणि साडेपाचला उठली.

मी काठाने चालू लागले. तिचा एक हात वर यायचा, मग दुसरा, तोंड गच्च मिटलेलं. डावीकडे, ताई, डावीकडे, असं मी चार पावलं ओरडले आणि मग लक्षात आलं की हिचे कान पाण्यात आहेत, हिला काहीच ऐकू येत नाही. तेव्हा मी बोलले. आईच्या आजारपणात तिने मला विचारलं होतं, एक वर्ष मी थांबते, एक वर्ष तू थांबशील का? मी पुस्तकात डोकं घातलं आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ताई, मला ऐकू आलं होतं, मी म्हटलं. मला लख्ख ऐकू आलं होतं, आणि मला थांबायचं नव्हतं. भिंत आली, ती वळली, मी वळले. परतीचे पंचवीस मीटर मी तेच बोलत होते आणि रडत होते, आणि ती माझ्याकडे बघत सरळ रेषेत येत होती.

तिचा हात भिंतीला लागला. मुलीने कागदावर खूण केली आणि कपड्यांसकट पाण्यात उडी मारून तिला मिठी मारली. मग ताई शिडी चढून वर आली, एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढलं.

“सारखं तोंड हलत होतं तुझं,” ती म्हणाली. “काय बोलत होतीस? परत सांग.”

मी सांगितलं. ताईने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पुस्तक उलटं धरलं होतंस तू. दे आता टॉवेल, थंडी वाजतेय.”