बा कुठाय गं?

आमच्या पाटणकडच्या गावात फौजीच्या घरातलं लेकरू बोलायच्या आधी एक गोष्ट शिकतं. येणारा-जाणारा विचारतो, "तुझा बा कुठाय गं?" आणि लेकरानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट करायचं. माझ्या लेकीनं माझ्या फोनकडं बोट केलं, तेव्हा सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली.

नवरा सीमेवर. तिकडं रेंज कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून फोन कायम तिच्याजवळ. बापाचा चेहरा विसरायला नको ना! मधल्या वेळात काहीतरी लावून द्यायचं. मी धारा काढायची, भाकरी थापायची, ती रंगीत गाणी बघत गप बसायची. लय शहाणी पोर, म्हणायचे सगळे. मीही म्हणायची. मूर्ख बाई मी.

अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. हाक मारली तरी वळायची नाही. "हिचा बा बी तीन वर्सांनी बोलला हुता," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचं होतं.

शेवटी कराडला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. कान चांगले निघाले. फोन किती वेळ असतो, विचारल्यावर मी म्हटलं, थोडा वेळ. "खरं सांगा." मग सांगितलं, जागी असेतोवर. त्या म्हणाल्या, "आधी तो बंद करा. तिच्याशी माणसांनी बोलायला हवं. बाकीच्या तपासण्याही करू." मी म्हटलं, "पण बाई, तिचा बा त्यातच असतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. एसटीत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मल्हारपेठ येईपर्यंत नुसती खिडकीचा गज धरून बसले.

ठरलं, नवरा सुट्टीवर आला की फोन बंद. खरा बा घरात असल्यावर फोन कशाला?

तो आला. ट्रंक अंगणात ठेवून उकिडवा बसला, हात पसरले. दारावरच्या भांडेवाल्याकडं बघावं तसं तिनं बघितलं आणि मान फिरवली. मी फोन फळीवर ठेवला. तीन दिवस तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्यानं उचलली की अंग ताठ करायची.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "दे तिला एकदा." आणि स्वतःचा फोन घेऊन गोठ्यामागं गेला. तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर बाप आला तशी ती खळखळून हसली, काचेवरून त्याच्या गालावर हात फिरवला. त्याचा आवाज दोनदा येत होता, फोनातून आणि भिंतीपलीकडून. तिनं भिंतीकडं बघितलंच नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी पीठ मळत राहिले. मला काहीच वाटलं नाही. अगं, काहीतरी वाटायला हवं, एवढंच वाटलं.

त्यानं फोन ठेवला, आत आला, तिच्यासमोर उभा राहिला. ती उठली. त्याला वळसा घालून माझ्याकडं आली, माझं पिठाचं बोट धरलं आणि काळ्या पडद्यावर टेकवलं. तिला तिचा बा पाहिजे होता.