दुपट्ट्याखालची मूठ

नालवाले चाचा मोटारीजवळ जाताना चपला काढून ठेवत. मोटार कोणाचीही असो, आधी तिच्याभोवती एक मुकी फेरी मारायची, मग बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मोटार तपासतोय की दुवा मागतोय! त्यांचा मूळ धंदा बैलांना नाल ठोकण्याचा. बुलढाण्याला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी येऊ लागल्या तेव्हा घाट चढून तापलेली एक मोटार त्यांच्या निंबाखाली बंद पडली आणि दिवसभर खटपट करून त्यांनी ती चालू केली. तेव्हापासून निंबाच्या एका अंगाला बैल आणि दुसऱ्या अंगाला मोटारी उभ्या राहू लागल्या. "बैलाले चार पाय, मोटारीले बी चारच. फरक येवढाच का मोटार लाथ मारत नाई," असं ते म्हणत. पुढे चालू करताना एका मोटारीचं हँडल उलटं फिरून त्यांच्या मनगटावर बसलं, तेव्हा तेवढाही फरक उरला नाही.

पण त्यांचं खरं नाव होतं ते पारखीसाठी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायची जोडी घ्यायची तर लोक दहा-दहा कोसांवरून त्यांना न्यायला येत. बैल कसा पळतो हे चाचा बघतच नसत. सगळे धुरळ्याकडे बघत असताना हे पाठ फिरवून विडी ओढत बसायचे. "पयताना तं समदेच चांगले दिसते. पयून आल्यावर उभं कसं राह्यते, ते पाहा," हा त्यांचा मंत्र. बैल परत आला की त्याच्या पायांशी बसून राहायचे. दम लागलेलं जनावर खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं.

दुसरा नियम शिष्टाचाराचा. दुसऱ्याच्या दारात त्याच्या जनावराला नाव ठेवायचं नाही. मालकाची मान खाली जाते. म्हणून सगळं बोलणं दुपट्ट्याखाली. चाचांच्या खांद्यावरचा तो दुपट्टा तेलाने आणि बैलांच्या घामाने इतका मुरला होता की मूळ रंग त्यांनाही आठवत नसावा. गिऱ्हाइकाचा हात त्याखाली घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. आणि जनावर घेण्यासारखं नसेल तर गिऱ्हाइकाची चारही बोटं आत दुमडून मूठ मिटायची. मूठ मिटली की सौदा सोडायचा. मग तोंडाने "बैल झ्याक हाये, पन यंदा जमत नाई" म्हणून चहा पिऊन उठायचं.

मी नागपूरहून वकिलीची परीक्षा पास होऊन आलो आणि लहानपणापासून मला "बाबू" म्हणणारे चाचा त्या दिवसापासून "वकीलसाहेब" म्हणू लागले. मला ते आवडलं. तेव्हा मला बरंच काही आवडत असे. पहिलं म्हणजे उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी, रेसची म्हणतात तसली मोटार. कोर्टाच्या आवारात अशा मोटारीतून उतरलो की पक्षकार आपोआप मागे येतील, अशी माझी समजूत होती. ऐपत जुन्या मोटारीची, आणि जुन्यातही सगळ्यांत स्वस्त. एवढ्यात मलकापूरला एका जिनिंगच्या साहेबाची लाल टू-सीटर विकायला निघाल्याचं कळलं. मी चाचांना बरोबर घेतलं.

साहेब आपल्यातलेच, पण बोलणं सगळं इंग्रजी वळणाचं. बंगल्यासमोर ती मोटार उभी होती. काय सांगू! मी तिच्याकडे बघितलं आणि तिथेच विकला गेलो. चाचांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हे कोण?" त्यांनी विचारलं. ज्यांच्या भरवशावर मी आलो होतो, त्यांच्याबद्दल मी म्हणालो, "गडी आहे. गावठी माणूस, सवय असते एकेकाला." चाचा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

मी मोटार स्टेशनापर्यंत पळवून आणली. वारा कानात, टाय खांद्यावर! परत आलो तर चाचा म्हणाले, "वकीलसाहेब, थोडं थांबू. उभी राहू द्या तिले." आणि इंजिनाखाली वाकून बघू लागले. साहेब घड्याळ बघू लागले. मग चाचा माझ्याजवळ आले आणि त्यांनी दुपट्टा माझ्या हातावर टाकला. खाली माझी बोटं धरली, दोन दुमडली. तिसऱ्या बोटाला साहेब हसले. "हा काय गुरांचा बाजार आहे?" मी हात हिसकावून घेतला आणि दुपट्टा खाली पडला. चाचांनी तो उचलून झटकला आणि खांद्यावर टाकला. मी तिथल्या तिथे पैसे दिले.

राजूरच्या घाटात, दुसऱ्याच वळणावर, मोटारीने वाफ सोडली. इंजिनाला तडा होता, त्यात काहीतरी भरून वरून रंग दिलेला. थंड असताना कळायचं नाही. तापून उभी राहिली की ठिबकायची. चाचांनी ते ठिबकणं मलकापुरातच पाहिलं होतं. वाटेत त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि घाटातही "मी म्हनलो होतो" असं म्हणाले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "बसला बैल. आता उठवू नका त्याले." मोताळ्याकडून येणाऱ्या एका शेतकऱ्याची जोडी त्यांनी मागून घेतली, दोर बांधला, आणि माझी रेसची मोटार बैलांच्या मागे घाट चढली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं.

वाट कोर्टावरूनच जात होती. वकीलमंडळी बाहेर आली, पक्षकार आले, शिपाई आले. हसू तर आवरेना कोणाला. एका ज्येष्ठांनी विचारलं, "अहो, पसंत कोणी केली ही?"

मी म्हणालो, "आमच्या चाचांनी. घ्या म्हणाले, म्हणून घेतली."

चाचा बैलांपाशी उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एका शब्दाने ते मला तिथे उघडं पाडू शकत होते, आणि तो शब्द खराच असता. "हाव," ते म्हणाले, "नजर चुकली माही." आणि बैलांना पुढे हाकललं.

पारख्याची नजर चुकली, हे त्याने स्वतः चारचौघांत सांगितल्यावर उरतं काय? "ज्याले उभी मोटार समजली नाई, त्याले बैल काय समजन बे?" असं लोक म्हणू लागले. जोडी बघायला न्यायला कोणी येईना. मोटारीही दुसरीकडे जाऊ लागल्या. निंबाखाली फक्त नाल ठोकण्याचा आवाज राहिला, आणि काही दिवसांनी तोही थांबला. चाचा लेकीकडे साखरखेर्ड्याला गेले होते. मी त्या रस्त्याने जाणं केव्हाच सोडलं होतं, त्यामुळे मला ते महिन्याने कळलं.

तीन-चार वर्षांनी एका कामासाठी साखरखेर्ड्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. चाचा एका गोऱ्ह्याला नाल ठोकत होते आणि त्यांच्या डोक्यावरून चार माणसं त्याच गोऱ्ह्याचा सौदा करत होती. तो मागचा पाय आखडता घेत होता. चाचांचा हात त्या पायावरच होता, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. मला ते बघवेना. मी मोठ्याने म्हणालो, "मंडळी, जरा ऐका. या माणसाची नजर कधी चुकली नव्हती. ती मोटार..."

माणसं वळून बघू लागली. चाचा उठले. माझ्या काळ्या कोटाकडे, सगळ्या बाजाराकडे त्यांनी पाहिलं, आणि तोच दुपट्टा माझ्या हातावर टाकला. खाली एकेक करून चारही बोटं दुमडली आणि माझी मूठ आपल्या मुठीत घट्ट धरली. "राहू दे, बाबू," ते हळूच म्हणाले. "तुह्याच जिल्ह्यातले लोक हायेत. उद्या तुले याइच्यातच वकिली करा लागते."

मी गप्प बसलो. माणसं पुन्हा सौद्याकडे वळली.

पुढच्या पोळ्याआधी चाचा गेले. मलकापूरला ती मूठ मानायला हवी होती, तेव्हा मी हात हिसकावला. साखरखेर्ड्याला हात हिसकावायला हवा होता, तेव्हा मी ती मानली. आणि मानताना मला बरं वाटलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.