तीन बोटं

माइक हातात घेण्याआधी मोठ्या बाई चप्पल काढायच्या. मग स्टेज असो की मंगल कार्यालयातली तापलेली फरशी. आमच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट, सॅक्सोफोन धरून चौदा वादक आणि गाणाऱ्या आम्ही दोघी. त्या मोठ्या बाई, मी छोटी. अकरा वर्षं छोटीच. खरं तर आमच्यात अंतर जेमतेम चार वर्षांचं.

त्यांचा आवाज खालचा, रुंद. त्या गायला लागल्या की पंगतीतले वाढपी थबकायचे. माझ्या गाण्याला लोक मठ्ठा मागवायचे. द्वारका चौकात टेम्पोत सामान चढवताना कुणीतरी विचारायचंच, "बाई कुठंयत?" मी समोरच उभी असायची.

त्या देवळ्याकडच्या. एकदा सुरू झालेलं गाणं त्यांनी कधी थांबवलं नाही. म्हणायच्या, "भाकर तव्यावर टाकली का मागं घ्यायची नसती, छोटे."

गाताना त्यांचं तोंड लोकांकडे, पाठ वादकांकडे. म्हणून प्रत्येक गाण्याची पट्टी त्या माझ्या कानात सांगायच्या आणि मी मागे वळून वादकांच्या मास्तरांना बोटांनी दाखवायची. काळी तीन म्हणजे तीन बोटं; आकडा वाढला की सूर वर चढायचा.

एका दुपारच्या लग्नात मुंबईहून कॅसेट काढणारे एक साहेब आले होते, खास बाईंना ऐकायला. नवं गाणं होतं. बाईंनी चप्पल काढली, माझ्या कानाशी आल्या. "काळी तीन."

मी मास्तरांना पंजा दाखवला. पाच.

चुकून नाही. इतकी वर्षं मी स्वतःला 'चुकून' असंच सांगत आले, म्हणून आता लिहिते आहे.

सुरुवातीचे सूर वाजले तेव्हाच त्यांना कळलं असणार. पण भाकर तव्यावर पडली होती. अंतऱ्याला आवाज फाटला. साहेब जेवायला उठले ते परत आलेच नाहीत.

मास्तर माझ्यावर ओरडले, "पाच कुणी दाखवली गं?"

"मीच बोलले पाच," बाई म्हणाल्या. "तिला काय बोलता?"

टेम्पोत त्यांनी माझ्या हातावर लवंग ठेवली. "घे, घसा सुकलाय तुझा." बस, एवढंच. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

वर्षभरात त्यांनी गाणं सोडलं. त्यांची सगळी गाणी माझ्याकडे आली. लोक मात्र विचारत राहिले, "बाई कुठंयत?"

गेल्या महिन्यात त्या वारल्या. शोकसभेत त्यांचंच एक गाणं मला म्हणायला सांगितलं. कीबोर्डवाल्या पोराने विचारलं, "ताई, पट्टी?" मी चप्पल काढली आणि तीन बोटं दाखवली.

माझा गळा तिथवर उतरत नाही. दुसऱ्याच ओळीला आवाज संपला. मी तशीच उभी राहिले. लोकांना वाटलं, मला हुंदका आला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या.

मी पुसू दिले.