तगरीची फुलं अन् टँकरची घागर

मंडळी, आज उदगीरला आमच्या गल्लीत टँकर आला, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

लेक सासरी गेली अन् घर खायला उठलं. झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, झाडं लावा, मन रमेल. दारात कुंड्या मांडल्या. पांढरी तगर फुलायला लागली तशी मलाही झोप यायला लागली.

आज टँकरपाशी पुरुष मंडळी उदगीर जिल्हा कधी होणार यावर भांडत होती. तेवढ्यात शेजारच्या महानंदाकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमाला प्यायला पाणी न्हाई अन् वैनी कुंड्यांचे लाड करायल्यात." रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

ह्याच काकू रोज सकाळी न विचारता माझी तगर तोडून नेतात, लिंगपूजेला.

मी म्हटलं, "काकू, टँकरचा थेंब घालत न्हाई मी. टबात बसून आंघोळ करते, साबणबी लावत न्हाई. तेच पाणी झाडांना घालते."

काकूंचा चेहरा पडला. "म्हंजे माझ्या म्हादेवाला तुमच्या आंघोळीच्या पाण्यावरची फुलं?"

नुकतीच भरलेली घागर उचलून त्या तरातरा घरी गेल्या अन् सगळंच्या सगळं पाणी देवघर धुण्यात घातलं. ते पाणी त्यांच्या मोरीतून वाहत गल्लीत आलं. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. कुणी चकार शब्द काढला नाही.

खरं सांगा, तुम्ही त्या रांगेत असता तर काही बोलला असता, का माझ्या वेळी तेवढी मान डोलावली असती?