सायकलची क्लिप

माझ्या निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण आवरताना सायकलवाल्यांची, पँटच्या पायाला लावायची एक गंजकी क्लिप हाती लागली आणि झाशीच्या विद्यापीठातला तो उन्हाळा आठवला. निकालाचं सॉफ्टवेअर सांभाळणारे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबरच घरी गेला होता. मुलं निकालासाठी ताटकळलेली, म्हणून भर उन्हात मी दतिया गेटजवळचं त्यांचं घर गाठलं. त्यांनी पन्हं दिलं, पासवर्ड नाही. "बताने की चीज़ थोड़े ही है, भैया, हम खुद आ जाएँगे," म्हणाले. मग रोज दहाला यायचे, क्लिप काढून माझ्या टेबलावर ठेवायचे, हाताचा आडोसा करून पासवर्ड टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत कूलरसमोर बसून राहायचे. पुढे सर्व्हरचा ताबा माझ्याकडे आला, तेव्हा मला पासवर्ड पाच मिनिटांत बदलता आला असता. वैतागून रोज ठरवायचो, आणि रोज दोन चहा सांगायचो. एका शनिवारी ते क्लिप विसरून गेले. सोमवारी ते वारल्याची बातमी आली, तेव्हा मी पासवर्ड बदलला. मी मात्र निघताना सगळे पासवर्ड कागदावर लिहून, खाली सही करून देऊन आलो. महिना झाला, अजून कुणाचा फोन नाही.