पिकअपपुढं उभे राहिलेले गुरुजी

मी खेळ शिकवायचे त्या शाळेतले गणिताचे गुरुजी म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. खडू घेतला तरी दोनदा विचारणार, "मॅडम, रजिस्टरला मांडू का?" शाळेच्या आवारात साप निघाला, तर हे सगळ्यात आधी बाकावर चढलेले. बेंबळीच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचीसुद्धा मला लाज वाटायची. माणूस घाबरट, हे मी पक्कं ठरवून टाकलं होतं.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या कबड्डीसाठी मी दोन महिने पोरींकडून तयारी करून घेतली. सामन्याच्या दिवशी मुख्याध्यापकांनी गावातली एक पिकअप ठरवली. मागं बारा पोरी उभ्या. गाडी सुरू झाली आणि गुरुजी सरळ तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"न्हाय. पोरी अशा उभ्यानं जायच्या न्हाईत. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात."

"गुरुजी, बाजूला व्हा," मुख्याध्यापक ओरडले. "दरसाल असंच जातेत. तुमाला लई भ्या वाटतं!"

"व्हय साहेब, वाटतं. म्हणूनच उभा हाय."

त्यांनी दोन्ही हात गाडीच्या बॉनेटवर टेकवले. मी तर संतापलेच. "पोरींची मेहनत वाया गेली तर तुम्ही भरून देणार आहात का?"

"न्हाय देऊ शकत. तुमी मला शिव्या द्या, मॅडम. पण पोरी खाली घ्या."

पंधरा मिनिटं झाली तरी ते हलले नाहीत. शेवटी ड्रायव्हर वैतागून रिकामी गाडी घेऊन निघून गेला. आम्ही एसटीची वाट बघत बसलो. धाराशिवच्या मैदानावर पोचलो तेव्हा समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल देऊन झाली होती. पोरी रडल्या. परतीच्या एसटीत गुरुजींशेजारची जागा रिकामीच राहिली. मीही उभी राहिले, पण तिथं बसले नाही.

मला वाटायचं, निदान ती पिकअप तरी कुठं खड्ड्यात गेली असती तर! तसं काहीच झालं नाही. ती धडधाकट परत आली आणि ड्रायव्हर वर्षभर आम्हाला बघून हसत राहिला. गुरुजी बरोबर होते, हे दाखवणारं काहीही घडलं नाही. त्यांनीही कधी स्वतःची बाजू मांडली नाही. माझी चिडचिड जास्त त्याचीच होती.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच पिकअप फाटकाशी आली. पोरी चढायला धावल्या. गुरुजी त्या दिवशी रजेवर होते, अडवणारं कुणी नव्हतं. तरी माझ्याच तोंडून निघालं, "खाली उतरा. एसटीनं जायचंय."

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. "आता तुमाला काय झालं, मॅडम?"

"भीती वाटते, साहेब." त्या साऱ्यांसमोर मी एकेका पोरीला हात धरून खाली उतरवलं. त्या वेळी मात्र एसटी लगेच मिळाली, आम्ही वेळेवर पोचलो आणि दुसऱ्याच फेरीत हरलो.