बे दाहे वीस

मैत्रीण जाऊन वर्ष उलटलं होतं. तिच्या शाळेच्या पाणंदीत मी स्कूटर लावत होते आणि तिचा आवाज आला. ‘आणि’पाशी किंचित थांबायचं, प्रश्न आला की शेवटचं अक्षर वर उचलायचं, आणि परिच्छेद संपता संपता घसा खाकरायचा. त्या खाकरण्यावरून डी.एड.ला असताना मी तिला फार छळलं होतं. “अंडा घालूच्या आधी कोंबडी करता तसा करतंस गो तू,” मी म्हणायचे. ती चिडायची आणि चिडून पुन्हा खाकरायची. दिवसाढवळ्या, काजूच्या झाडांखाली, हातात हेल्मेट घेऊन मी बावळटासारखी उभी राहिले.

मग कळलं, मुलं वाचताहेत. चौथीपर्यंतची शाळा, एकाच वर्गात सगळी बसलेली, सगळी एका सुरात. आवाज मुलांचे होते, पण वाचत होती तीच.

मी तिथे हौसेनं गेले नव्हते. मी केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर नजर ठेवायची आणि अडलेल्या शिक्षकाला वर्गात उभं राहून मदत करायची. निदान ठरलंय तसं. प्रत्यक्षात आमच्या खात्यात मदत म्हणजे आधी फोटो. मदत करतानाचा फोटो ग्रुपवर पडला नाही तर मदत झालीच नाही असं धरतात. या शाळेला मात्र खरीच मदत हवी होती. आधीच्या तपासण्यांत साहेब पुस्तक उघडायचे, ‘वाच’ म्हणायचे आणि मुलं धाडधाड वाचायची. शेरा उत्तम. यंदा पद्धत बदलली. पुस्तकाबाहेरचा उतारा पुढे ठेवला आणि अख्खी शाळा मुकी झाली. तालुक्याच्या बैठकीत साहेब मला म्हणाले, “मॅडम, पुढच्या तपासणीपर्यंत ही शाळा वर आली पाहिजे. नाहीतर मुलं खाडीपलीकडच्या शाळेत घालावी लागतील. तुमची तिथे ओळख आहे ना?”

ओळख! माझी मैत्रीण त्या शाळेत जन्म काढून गेली होती, आणि हे ओळख आहे का विचारत होते. मी “हो सर” म्हटलं.

वर्गावर आता घाटावरून आलेला तरुण शिक्षक होता. मेहनती, पण घाबरलेला. मला दारातच म्हणाला, “मॅडम, या शाळेत मी एकटा शिकवत नाही. मी फळ्याकडे वळलो की मागून बाई शिकवतात.” त्याला मी झापलं. सरकारी शिक्षकानं असलं बोलायचं नसतं, म्हटलं. मग चौथीतल्या एका मुलीला उठवलं, पुस्तक दिलं आणि वाचायला लावलं. ती सुरेख वाचू लागली. मी सहज तिच्या पानावर तळहात ठेवला. ती थांबली नाही. मी पान उलटलं. तरी ती आधीचंच वाचत राहिली, ‘आणि’पाशी थांबत, आणि शेवटी खाकरली. मी खुर्चीत बसून घेतलं.

शाळेभोवती चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढी भिंत. दुपारच्या सुट्टीनंतर तिचा नवरा तिथे येऊन बसला. मांडीवर थर्मास. हा थर्मास मला ठाऊक होता. काजूची बाग, भातशेती सगळं सांभाळून तो माणूस रोज दुपारी बायकोला गरम पाणी घेऊन यायचा. दुपारी पाढ्यांचा तास. तिचा घसा बसलेला असायचा, प्रत्येक पाढ्यात शेवटच्या दाहेआधी ती खाकरायची. मग खिडकीतून थर्मासचं झाकण आत यायचं, ती घोटभर पाणी प्यायची आणि पुढचा पाढा मोकळ्या गळ्यानं म्हणायची. मी कितीदा पाहिलं होतं ते.

मी जवळ जाऊन बसले. “भावोजी, आता कोणाक पाणी आणतास?”

“कोणाक नाय,” ते म्हणाले. “हात थर्मास भरतत नि पाय हाडतत माका हयसर.” मग वर्गाकडे मान करून म्हणाले, “आयकलास मा तुमी? ती बोलता.”

मुलांनी पाठ कसं केलं ते त्यांच्याकडूनच कळलं. शेवटच्या वर्षी घशाचं दुखणं वाढत गेलं, आवाज जाणार हे तिला कळलं होतं. बदली शिक्षक मिळेना. तेव्हा तिनं सगळी पुस्तकं मुलांकडून तोंडपाठ करून घेतली, गावात देवाला गाऱ्हाणं घालतात तशी. एकानं पुढे बोलायचं, बाकीच्यांनी मागून. आवाज गेला तरी मोठी मुलं लहानांना पुढे नेतील, तोवर कुणीतरी येईल आणि वाचायला शिकवील, असा तिचा हिशेब. ती दिवाळीच्या आधी गेली. यायला हवा होता तो शिक्षक आला फार उशिरा. तोवर मुलं आपली रोज तिच्यासारखी बोलत बसली होती.

“मी ह्यां मोडूक इलंय, भावोजी,” मी सांगून टाकलं. मला गुळमुळीत बोलता येत नाही. “पोरांक वाचूक येना नाय. बसची पाटी वाचूक येना नाय.”

ते गडग्यावरच्या शेवाळाकडे बघत राहिले. “मोडा,” म्हणाले. “ती कायम सांगी, पोरांनी आपल्या तोंडान वाचूक होया.” आणि मग, अगदी हळू, “पन माका बाय दुसरा काय ऱ्हवला नाय. फोनात पन आवाज नाय तिचो. कोणी काढलोच नाय.”

घरी जाताना मी पाणंदीच्या टोकाला स्कूटर थांबवून रडले. मुलांना वाचायला शिकवणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि तेच केलं की या माणसाची बायको दुसऱ्यांदा जाणार होती. माझी मैत्रीणसुद्धा.

पण काम ते काम. आठवड्यातून जमेल तेवढं मी तिथे जाऊ लागले. फोटो काढणं बंद केलं, ग्रुपवर ओरडा खाल्ला. पाठ्यपुस्तकं कपाटात ठेवली आणि मुलांना न ऐकलेलं काय काय वाचायला दिलं. दशावताराच्या नाटकाची जाहिरात, बिस्किटाचा पुडा, भाताच्या बियाण्याची पिशवी, आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेल्या गोड खाज्याची कागदी पुडी. तरुण शिक्षक शब्दपट्ट्या रात्री जागून करायचा आणि सकाळी उलट्या लावायचा. मी त्याला ओरडायचे, तो हसायचा. भीती कमी होत होती त्याची.

पहिल्यांदा वाचलं ते एका तिसरीतल्या मुलानं. खाज्याच्या पुडीवरचं ‘शुद्ध’ त्यानं अक्षर अक्षर करत, घाम गाळत वाचलं, आणि स्वतःच्या घोगऱ्या, अडखळत्या आवाजात वाचलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण त्याच क्षणी मला कळलं की त्या मुलाच्या तोंडातून ती गेली.

मग एकेक मूल असं सुटत गेलं. ज्याला वाचता यायचं त्याचा ‘आणि’पाशी थांबण्याचा हेल जायचा, खाकरणं जायचं. मला ते ऐकून आनंद व्हायचा आणि वाईटही वाटायचं, दोन्ही एकदम. भावोजी गडग्यावर जागा बदलू लागले. आधी चौथीच्या बाजूला बसायचे, मग तिसरीच्या खिडकीजवळ सरकले, मग पहिली-दुसरीच्या. जिकडे ती शिल्लक होती तिकडे. मी कधी वर्गातून बघितलं की ते मान तिरकी करून ऐकत असायचे. मला वाटायचं ओरडून सांगावं, बसा घरी, कशाला जीव जाळता. सांगितलं नाही.

एक दिवस तरुण शिक्षकानं विचारलं, “मॅडम, पाढ्यांचं काय करायचं? तेसुद्धा बाईंच्याच सुरात आहेत.”

“पाढे पाठच असावे लागतात,” मी म्हटलं. “त्यांना हात लावायचा नाही.” जरा जास्तच ठसक्यात म्हटलं असावं.

तपासणीच्या सकाळी गावानं देवळात गाऱ्हाणं घातलं. शाळा गेली तर पोरं होडीनं ये-जा करणार, म्हणून सगळे जमले होते. गावातले एक म्हातारे दरवर्षी शाळेसाठी गाऱ्हाणं घालतात. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज तपासणीचो सायब येता, तेका सुबुद्धी दी!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मी हसू दाबलं.

“पोरांच्या जिबेर बस, एक अक्षर अडांदे नको!”

“होय म्हाराजा!”

“आणि म्हाराजा, जी कोण आमच्या पोरांच्या तोंडान बोलता, तिना गावासाटी खूप केल्यान, आता तिका तिच्या जाग्यार सुखान ऱ्हवांदे, पोरांक मोकळी कर!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मी म्हणाले नाही. आणि माझ्या शेजारी उभे असलेले भावोजीही म्हणाले नाहीत. म्हाताऱ्यांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, वाट बघितली. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी होय म्हणायचं असतं. भावोजी पायाकडे बघत उभे राहिले. शेवटी म्हाताऱ्यांनी तसंच प्रसादाचं खोबरं वाटायला घेतलं.

साहेब दुपारी आले. भला माणूस होता, पण चेहरा असा की बघून मुलांनी अक्षरं विसरावीत. पिशवीतून त्यांनी एक छापील कागद काढला, खेकड्यांवरचा उतारा, आणि ज्या मुलीच्या पानावर मी तळहात ठेवला होता तिलाच नेमकं उठवलं. ती वाचू लागली. अडखळली, मागे गेली, ‘कवच’ हा शब्द दोनदा घेतला, आणि शेवटपर्यंत पोचली. तिचा आवाज पातळ होता, नाकातला, मी तो याआधी कधी ऐकलाच नव्हता. साहेबांनी प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं आणि वर सांगितलं की खेकडो कात टाकता तेवा मऊ लागता, आमी तेचा सुक्या करतो. साहेब हसले. एकामागून एक मुलं वाचत गेली. मी खिडकीबाहेर पाहिलं. भावोजी पहिलीच्या खिडकीपाशी उभे होते, थर्मास छातीशी धरून. एवढ्या वाचनात ती कुठेच नव्हती, आणि हे त्यांनाही ऐकू येत होतं.

“छान, मॅडम,” साहेब म्हणाले. “शाळेची काळजी नको आता.” ते उठताना पहिलीच्या रांगेकडे वळले. “आणि हे छोटे? यांना पाढे येतात?”

पहिलीतली मुलं त्या जूनमध्ये शाळेत आलेली. त्यांनी तिला वर्गात कधी ऐकलं नव्हतं. मोठ्या मुलांच्या तोंडून पाढे ऐकले होते, तेवढंच. एक बुटकी, दोन शेंड्यांची मुलगी उभी राहिली आणि रांगेच्या पुढे होऊन म्हणू लागली, मागून बाकीची. बे एके बे. बे दुणे चार. तोच सूर, तोच हेल, शेवटचं अक्षर वर उचललेलं. तरुण शिक्षकानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

“बे नव्वे अठरा,” मुलगी म्हणाली, आणि अंडं घालायच्या आधी कोंबडी करते तशी खाकरली. मागची सगळी खाकरली. “बे दाहे वीस.”

“अरे, सगळ्यांना खोकला झालाय की काय?” साहेब म्हणाले. “मॅडम, ही सवय तेवढी मोडा.”

तेवढ्यात भावोजी दारातून आत आले. ती गेल्यापासून त्या वर्गात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. कुणाकडे न बघता ते पहिलीच्या रांगेपाशी गेले, खाली बसले, थर्मास उघडला. झाकणात पाणी ओतलं, बोट बुडवून कोमट आहे ना ते बघितलं आणि मुलीपुढे धरलं.

“घे गो बाय. घसो बसलो तुझो.”

मुलीनं दोन्ही हातांनी झाकण धरून पाणी प्यायलं. साहेबांना काही कळेना, पण ते थांबले. मुलीनं तोंड पुसलं, झाकण परत दिलं आणि कुणी सांगायच्या आत पुढचा पाढा सुरू केला. मागून बाकीची.

“तीन आठी चोवीस. तीन नव्वे सत्तावीस.”

आता खाकरणार. भावोजी झाकण हातात धरून ऐकत होते.

“तीन दाहे तीस.”

कुणी खाकरलं नाही. एकही मूल खाकरलं नाही. पाणी प्यायल्यावर ती पुढचा पाढा असाच म्हणायची, मोकळ्या गळ्यानं. हे त्या मुलांना कुणी शिकवलं, मी आजही सांगू शकत नाही.

भावोजींनी झाकण थर्मासवर बसवलं, फिरवून घट्ट केलं. मग डोळे मिटून, सकाळचं राहिलेलं म्हणावं तसं, अगदी हळू म्हणाले, “होय म्हाराजा.”